माशांच्या टाकीतला कोळसा

आमची थोरली शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात नोकरीला आहे. नदीचं पाणी शुद्ध करायला घेण्याआधी त्याची एक धार तिथे काचेच्या टाकीतून सोडतात. टाकीत मासे असतात. ते सैरभैर झाले, वर येऊन तोंड उघडू लागले, की पाण्यात काहीतरी आलंय असं समजायचं आणि मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा. यंत्रं आहेतच, पण यंत्राला सगळं कळतं असं नाही. दिवसा टाकीवर लक्ष ठेवायचं थोरलीने, रात्री रात्रपाळीच्या काकांनी.

लहानपणापासून हिला कोणाचे हाल बघवत नाहीत. पंख मोडलेलं पाखरू, लंगडं मांजर, सगळं घरात. मी आधी ओरडायचे, मग वाटीत दूधही मीच ओतायचे. यंदा नदीला गाळ आला तसे मासे मलूल झाले, अंगावर पांढरे डाग पडले. हिने काय करावं? पाणी आत येतं त्या नळीच्या तोंडाशी कोळशाची पिशवी बसवली, घरच्या फिल्टरमध्ये असते तशी. मासे टवटवीत!

"काय गं, माशांना माहेरपण लाभलंय," साहेब म्हणाले. ही फुलून गेली. पिशवीचं मात्र कोणाला बोलली नाही.

मग एका रात्री वरच्या अंगाच्या कुठल्याशा कारखान्यातलं रसायन नदीत आलं. सकाळी नळाला रॉकेलसारखा वास, गल्लीत घरोघरी उलट्या. शेजारच्या बाळाला सलाईन लावावं लागलं. टाकीतले मासे मजेत होते. कोळशाने त्यांच्यापुरतं पाणी गाळून दिलं होतं.

ठपका आला काकांवर. डुलकी लागली असणार, दुसरं काय! त्यांना घरी बसवायचं ठरत होतं.

शेवटी थोरलीने आम्हाला पिशवीचं सांगितलं.

"तुला कोणी विचारलंय का?" हे म्हणाले. "मग गप्प बस."

"शेजारीण जिन्यात भेटते मला," मी म्हटलं. "तिच्याकडे बघायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी हिने पिशवी काढली आणि सगळ्यांसमोर साहेबांच्या टेबलावर ठेवली. "काका जागेच होते. माशांना काही होणारच नव्हतं. मीच..."

साहेब कडाडले. काका मात्र म्हणाले, "अगं पोरी, मला वाटलं माझे डोळेच गेले. चष्मा बदलून आलो ना मी!" नवा चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

काकांचं काम राहिलं. हिची नोकरी राहिली, टाकी गेली. आता ती मीटर दुरुस्तीत बसते. बाळ घरी आलं. शेजारणीला हिने स्वतः जाऊन सांगितलं. तेव्हापासून शेजारीण जिन्यात बाजूला होऊन मला वाट देते, बोलत नाही.

रोज सकाळी पाणी आलं की थोरली पहिला पेला स्वतः पिते, ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहते, आणि मगच आमचा हंडा भरते. विचारलं तर म्हणते, "तहान लागली होती."

म्हणून मी हल्ली तिच्या आधी उठते. काल पेला तोंडाला लावला आणि ती दारात आली.

"आई, ठेव तो."

"तहान लागली होती," मी म्हटलं.