आयुधपूजेच्या आदल्या दिवशीचा आफ्टरबर्नर

"आफ्टरबर्नर थोडाच वेळ असतो, सार," असं म्हणून लेथवरचे आमचे म्हातारे कारागीर चष्मा कपाळावर ढकलायचे. अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात हे वाक्य कॉफीइतकं नेमाचं होतं. कारण मॅनेजर रोज सकाळी फर्मावायचे, "आज आफ्टरबर्नर लावा." अगदी पॅकिंगवाल्यांनाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. व्याख्या तोंडपाठ. जेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत पुन्हा इंधन जाळायचं, की जादा जोर मिळतो. पहिल्याच आठवड्यात मी ती सगळ्यांना ऐकवली.

हे तंजावरी मराठी गृहस्थ, आठवी पास, लेथवर केस पांढरे झालेले. शांतपणे म्हणाले, "म्हणजे पाहुणा जेवून दारात चप्पल घालतोय, त्यास पुन्हा सांबार वाढायचं. तो पळतोच. पण सांबार किती जातं?"

कॉलेजच्या चार वर्षांत मला हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर ते दरवर्षी मुदतवाढीवर काम करत. त्या वर्षीचं पत्र सहीवाचून पडलं होतं, आणि इंजिनाच्या कड्यांची ऑर्डर रखडली होती. मॅनेजर सकाळीच लेथपाशी आले. "उद्या आयुधपूजा आहे, तरी दोन तास मशीन चालवा. मग सही करतो."

तुम्हाला ठाऊक असेल, इथे त्या दिवशी हत्यारांना गंध-कुंकू लावून विश्रांती देतात. पान्यालाही कुणी हात लावत नाही.

"पूजेस लेथ फिरत नाही, सार."

"मुदतवाढ नको?"

"पाहिजे की. घरी बायको दिवसभर भाजी चिरायला लावते."

मॅनेजर गेल्यावर मला म्हणाले, "तंबी, आफ्टरबर्नर आजच लावू. अस्कं उरकू." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, अस्कं म्हणजे सगळं.

आणि त्यांनी खरंच लावला. दहीभात उभ्यानेच खाल्ला. मी इंजिनिअर, पण त्या दिवशी कड्या मापून बाजूला ठेवता ठेवता माझाच घाम निघाला. संध्याकाळी शेवटची कडी उतरली. एकही नापास नाही.

पूजेला लेथच्या गळ्यात झेंडूची माळ होती, आणि शेजारी स्टुलावर हे बसल्या बसल्या झोपलेले, तोंड उघडं. गंध लावणाऱ्याने लेथ, पाने, कॅलिपर करत त्यांच्याही कपाळावर टिळा ओढला. ते हलले नाहीत.

मॅनेजर सही केलेलं पत्र घेऊन आले. उठवायला हात पुढे केला, टिळा पाहिला, आणि हात मागे घेतला. पत्र चुरमुऱ्यांच्या ताटाखाली सरकवून, पाय न वाजवता बाहेर गेले.