पखवाजवाल्याचा उबंटू

लालबागच्या आमच्या भजनी मंडळाचा बुवा मी. डबलबारीत समोरचा बुवा गाण्यातून टोमणा मारतो, आपण तो गाण्यातूनच फेडायचा. मी आलाप घेतला की रे रोडच्या वखारीतली लाकडं करवतीशिवाय चिरली जायची. नका मानू. याचा साक्षीदार एकच होता, माझा पखवाजवाला, आणि तो आता नाही.

चाळ पाडली, मंडळ विरार-बदलापूरला पांगलं. तेव्हा या पखवाजवाल्यानेच आमच्या भजनांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून वेबसाइट काढली. त्याच्या वडिलांनी ज्या गिरणीत साचे चालवले, त्याच जमिनीवरच्या काचेच्या ऑफिसात हा कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. मंडळासाठी भाड्याचा एक सर्व्हर घेऊन त्यावर त्याने लिनक्सची अशी जात चढवली, की ती चालवायला माणूस सात जन्म ब्रह्मचारी हवा. सोपी का नाही लावत विचारलं, तर म्हणायचा, "तयार मसाला कोणीही टाकेल. आपण मिरच्या कुटून."

मग त्याला परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात ठेवलं. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. पखवाज सुटला, कीबोर्डही सुटला. त्यातच त्या जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले. सर्व्हर नव्याने उभा केला नाही, तर कोणीतरी आत घुसून सगळी भजनं घालवणार. भेटायच्या वेळेत मी लॅपटॉप घेऊन गेलो.

"तू बोल, मी टाइप करतो. कुठली लावू? तुझी ती मिरच्या कुटायची?"

"उबंटू लाव. लांब मुदतीची, वर्षानुवर्षं अपडेट मिळणारी."

मी असा हसलो, की खालच्या मजल्यावर प्लास्टर घातलेला पेशंट उठून चालायला लागला. "हरलास गड्या! नवशिक्यांची सिस्टिम! करी रोडच्या पुलावर तोंड कसं दाखवशील?"

"झालं हसून?"

"डेबियन जातीची तरी घे. तूच म्हणायचास, पाट्यासारखी पक्की."

"पक्कीच आहे. पण उबंटूवर जिथे अडशील, तिथे तुझ्याआधी दहा ढ अडलेले असतात. सुटलं कसं, ते नेटवर सोप्या भाषेत लिहून ठेवतात."

"मी कशाला अडू? तू आहेस ना."

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. एक बोट चादरीवर आपटून बघितलं. मग घरातल्या बोलीत, हळू म्हणाला, "माका नाय, मेल्या. तुका जमाक व्हया."

मोठमोठ्या बुवांना मी भर मंडपात गप्प केलंय. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "आता काय दाबू?"

यादीतून उबंटू निवडला. सर्व्हर उभा राहिला. भजनं चढवली, एकेक लावून ऐकली. मी निघायला लागलो तर म्हणाला, "पूस सगळं. परत कर." पुसलं, परत केलं. अपडेट कसे घ्यायचे, भजनांची दुसरी प्रत कुठे ठेवायची, बिघडलं तर ती परत कशी चढवायची, नव्या पोराला ठेका शिकवावा तसं त्याने माझ्याकडून घोटून घेतलं. जमलं की बधिर बोटांचा हात चादरीवर टाकून सम दाखवायचा. आवाज होत नव्हता.

दिवाळीच्या आधी तो गेला.

हल्ली मी सांगत सुटतो, की सर्व्हरबाबत विचारायला मला अमेरिकेहून फोन येतात. खरा फोन बदलापूरहून येतो, त्याच्या बायकोचा. "भावोजी, ह्यांचा पखवाज लावलाय, ऐका," म्हणते आणि फोन घरातल्या साऊंड सिस्टिमपाशी धरते. मी ऐकतो. माझाच आवाज असतो, त्याच्याखाली तो.

मशीन अपडेट विचारतं, मी हो म्हणतो, ते मुकाट्याने घेतं. एकदा तरी बंद पडावं असं वाटतं. पूर्वी साइट बंद पडली की मी त्याला फोन लावून शिव्या घालायचो, तोही घालायचा. पण पठ्ठ्याने माझ्यासाठी सिस्टिम निवडली ती अशी, की बंद पडतच नाही.