दोरीवरचे दोन टॉवेल

ऐंशी सालच्या आसपास ऑफिसच्या कामानं मी विशाखापट्टणमला आठवडाभर होतो. समुद्राजवळचं बेताचं हॉटेल होतं. शेजारच्या खोलीत एक म्हातारा एकटाच राहायचा. तो रोज संध्याकाळी काउंटरवरून दोन टॉवेल मागून आणायचा, गॅलरीतल्या दोरीवर शेजारी-शेजारी टाकायचा आणि सकाळी दोन्हींवर तळहात ठेवून बघायचा, आजारी लेकराचा ताप बघावा तसा.

माझं बोलणं ऐकून एकदा तो कठड्याशी आला. "वर्ध्याचे काय जी तुमी?"

मी पिपरीचा, तो पवनारचा निघाला. मी विचारलं, "एकट्याले दोन टॉवेल काऊन लागते जी?"

"एक पोरीचा हाये. धामेच्या पुरात वाहून गेली, सापडलीच नाई. धामेचं पाणी वर्धेत जाते, वर्धेचं गोदावरीत, अन् गोदावरी याच समुद्राले मिळते. मंग इथं नाई तं कुठं येईन?"

एसटीचा रस्ता सांगावा तसं त्यानं हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली. एक टॉवेल पिळता येईल इतका ओला होता.

"समुद्राची हवा हाये, ओला होईनच," मी म्हणालो.

"मंग माहा काऊन कोरडा हाये?" त्यानं शांतपणे विचारलं आणि ओला टॉवेल माझ्या हातात दिला.

मी तो नाकाशी नेला. खाऱ्या पाण्याचा वास त्याला नव्हताच. पूर ओसरल्यावर पवनारच्या घाटावर येतो, तो काळ्या गाळाचा वास होता.

मी टॉवेल परत दोरीवर टाकला, नीट पसरून.