सुपाआडचा तेजोमेघ

आकाश पाहणाऱ्या मंडळी, आपल्या फिरत्या वहीतलं हे पान वाचून नेहमीप्रमाणे पुढच्याकडे धाडा.

माझी लेक सुमन लग्न होऊन जबलपूरला गेली, तेव्हा आमचं ठरलं होतं. दर हिवाळ्यात अमावास्येच्या संध्याकाळी दोघांनी आपापल्या गावाहून देवयानी तारकासमूहातला तेजोमेघ (खरं तर दीर्घिका) शोधायचा. म्हणून आज अंधार पडताच मी अहेरीबाहेरच्या खळ्यावर तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, आडवा झालो. पण धान राखायला बसलेल्या रुखमाबाईंची शेकोटी शेजारीच पेटलेली होती. त्या उजेडात तो पुसट डाग काही दिसेना.

"बाई, शेकोटी जरा विझवता का?"

"इझवू कशी? डुकरं सारं धान खाऊन जातीन. मंग तुमचे तारे शिजवू का, गुरुजी?"

मी सुमनची गोष्ट सांगितली. बाईंनी सूप उचललं आणि त्या उजेड अडवून उभ्या राहिल्या.

नजर किंचित बाजूला ठेवली, तेव्हा डाग दिसला; काचेवर श्वास सोडावा तसा.

"माही पोरगी सिरोंच्याले दिली. तिकडूनबी हेच दिसते?"

"हेच."

"मंग मलेबी दाखवा."

आता सूप मी धरलं. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "दिसलं."

नवख्या माणसाला तो इतक्या लवकर सापडत नाही. माझे हात भरून आले तरी त्या वरच पाहत होत्या. नेमकं काय दिसलं, हे मी विचारलं नाही. आता घरी आल्यावर माझ्या डागाचीही मला खात्री वाटत नाही. तरी सुमनला "दिसला" असंच कळवणार आहे.

तुम्ही बाईंना विचारलं असतं का?