देवाज्ञा खोडणारा माणूस

माझा मित्र दत्ता गेल्याचं फोनवर कळलं. पण मी पेटलो तो तिसऱ्या दिवशी, पेपरातली जाहिरात वाचून. ‘दत्तात्रय यांस देवाज्ञा झाली’... अरे, कोणाला? बुधवार पेठेत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, छोट्या जाहिरातींच्या खिडकीशी बसून ज्याने जन्मभर हाच शब्द खोडला, त्याला?

जबरदस्तीने खोडायचा नाही. निधनाचा मजकूर घेऊन कोणी आलं की हळूच विचारायचा, “नुसतं ‘निधन झाले’ लिहू?” बहुतेक जण मान डोलवायचे. एकदा एक बाई आली. रस्त्यावरच्या विजेच्या उघड्या डीपीचा शॉक लागून तिचा मुलगा गेला होता, आणि कागदावर होतं देवाज्ञा. दत्ताचा आवाज चढला. “बाई, डीपीचं दार देवाने उघडं टाकलं होतं का?” ती रडायला लागली. साहेबांनी त्याला आत बोलावून झापलं. संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाला, “चुकलंच. ओरडायचं होतं दार उघडं टाकणाऱ्यावर, आणि ओरडलो तिच्यावर.”

मी देव मानणारा, दर मंगळवारी गणपतीला जाणारा. आमचं भांडण कॉलेजपासूनचं. मी म्हणायचो, देव आहे या धाकाने तरी माणसं जरा नीट वागतात. तो म्हणायचा, “धाक कसला? सोय आहे सोय! देव नसेल तर प्रत्येक मरणाचा जाब कोणाला तरी द्यावा लागेल. असेल तर सगळे सुटले. आणि असून, सगळं बघून तो गप्प बसत असेल, तर असा शेजारी तू सोसायटीत तरी ठेवशील का?” मी विषय बदलायचो.

आणि हा माणूस गेला कसा? बिबवेवाडीत, घरापासून दोन गल्ल्यांवर, खांबावरून लोंबणारी केबल स्कूटरवर असताना गळ्यात अडकून. तिच्याबद्दल त्याने तीनदा तक्रार केली होती! भेटायला आलेली शहाणी माणसं म्हणत होती, “त्याची इच्छा, दुसरं काय...” केबल लोंबती ठेवायची माणसांनी आणि बिल फाडायचं देवाच्या नावावर. मला त्या माणसांची चीड आली, आणि खोटं कशाला बोलू, देवाचीही आली.

जाहिरातीचं कात्रण पंधरा दिवस खिशात वागवलं. शेवटी राहवेना. दत्ताच्या घरी जाऊन ते टेबलावर आपटलं.

“वहिनी, कोणी दिला हा मजकूर?”

“मी दिला,” दत्ताची बायको, शैलजावहिनी, म्हणाल्या.

“अहो, तुम्ही? त्याला काय वाटलं असतं...”

“बसा भाऊजी. त्या दिवशी हॉस्पिटलमधल्या पोलीस चौकीत माझ्यासमोर केबलवाला म्हणाला, ही केबल आमची नाही. वीजवाले म्हणाले, खांब आमचा, केबल नाही. कॉर्पोरेशनचा माणूस म्हणाला, आमचा फक्त रस्ता. हे आत पांढऱ्या चादरीखाली, आणि बाहेर तिघांनी हात झटकले. मग म्हटलं, एकाच्या नावावर तरी लिहू. तो काही चौकीत येऊन ‘मी नाही’ म्हणणार नाही.”

“म्हणजे पोलिसांतही देवाचंच नाव दिलंत?” मी कडवटपणे विचारलं.

वहिनींनी तक्रारीची प्रत माझ्यापुढे सरकवली. “तिथे या तिघांची दिलीत. पेपरात तो, तक्रारीत हे तिघे. चौघांपैकी एकालाही सोडणार नाहीये मी.”

दत्ताच्या खुर्चीवर आता वहिनींनी त्यानंतर केलेल्या तक्रारींच्या प्रतींची चळत आहे. आलेल्या माणसाला वहिनी स्टुलावर बसवतात.