एका चिठ्ठीवर एकच तक्रार

त्या शेवटच्या सकाळी ताईनं भावाला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. भाऊ म्हणजे बाजारातला चेनवाला, बॅगांच्या चेन बसवणारा. कुणी नुसत्या चेनसाठी बॅग टाकली तरी हा ती आतून बाहेरून उलटी करणार, उसवलेलं सगळं शिवणार, वर जास्तीचे पैसे मागायला लाजणार. ताई म्हणायची, दुकान टाकलंयस का धर्मशाळा? तो म्हणायचा, अगं, आत फाटलेलं दिसतंय, मग वरनं चेन ओढून कशी देऊ?

हल्ली त्याचं मन कशातच नव्हतं. झोप नाही, खाणं नाही. आदल्या दिवशी जेवताना ताट सरकवून म्हणाला, ताई, जगावंसंच वाटत नाही. म्हणून दवाखाना.

तिथं खिडकीतच कंपाउंडरनं दटावलं, एका चिठ्ठीवर एकच तक्रार. भाऊ बिचकला, पोट म्हणाला. आत डॉक्टरनं मान वर न करता गोळ्या लिहिल्या. ताईनं कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं त्याच्या तोंडून निघालं, "डॉक्टर, अजून एक होतं. मला जगावंसं वाटत नाही."

"चिठ्ठी पोटाची आहे ना? त्याची उद्या वेगळी काढा."

ताई भांडायला उठली, तर कंपाउंडर म्हणे मागची रांग बघा. आणि निघता निघता डॉक्टरनं काय विचारावं? माझ्या बॅगेची चेन झाली का? भाऊ झाली म्हणाला. ते बरं लक्षात राहिलं मेल्याच्या. त्या चकचकीत फरशीवर थुंकावं असं वाटलं तिला.

संध्याकाळी भावानं जीव दिला. उद्याची चिठ्ठी राहिलीच.

भेटायला येणारी माणसं पांगल्यावर एका दुपारी कंपाउंडर दुकानात आला. वाईट झालं म्हणाला. भावानं मोकळेपणानं बोलायला हवं होतं, असंही म्हणाला. मग डॉक्टरांची बॅग मागितली. ताईला शिसारी आली.

बॅग फळीवरच होती. चेन नवी, आणि तुटायला आलेला पट्टाही घट्ट शिवलेला.

"कशाला टाकली होती?"

"चेनला."

ताईनं ब्लेड घेतलं आणि पट्ट्याचा टाका न् टाका उसवायला बसली.

"अहो बाई, हे काय करताय?"

"चिठ्ठी चेनची होती."

लोंबत्या पट्ट्याची बॅग पोटाशी धरून तो गेला. ताईनं मांडीवरचे दोरे झटकले.