टाऊन हॉलात बोलायचं सोडून सगळं झालं

सुमनताईचा फोन आला, "ये गं. टाऊन हॉलात लोकांची सभा आहे, मी बोलणार आहे." ताई माझी मोठी बहीण, इंदूरला दिलेली. तिच्या गल्लीतलं पोरांचं मैदान पार्किंगला जाणार होतं. घरातसुद्धा हळू बोलणारी बाई ती! म्हटलं, जायलाच पाहिजे.

जळगावहून सकाळची बस धरा. खंडवा रोडला काम चालू आहे, घाटात कंबर ढिली होते.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यावरून ई-रिक्षानं गेलो. हॉल बघण्यासारखा आहे, खोटं कशाला बोलू. लाल दगड, वर घड्याळाचा मनोरा. ताई म्हणाली, "शहरात काही बिनसलं की लोक इथंच जमायचे."

आत बघते तर सत्कार! या साहेबांना शाल, त्या साहेबांना नारळ. ज्यांनी शाल घातली, मग त्यांनाही शाल. ताईनं पदर पिळून पिळून चुरगाळला. शेवटी माईकवाला म्हणतो, "अब नागरिक अपनी बात रखेंगे, पर पहले पोहा-जलेबी हो जाए भिया, ठंडा हो रहा है." झालं! अर्धा हॉल बाहेर.

मी तरातरा स्टेजवर गेले.

"आप कहाँ से?"

"जळगाव."

"अरे वा, महाराष्ट्र से मेहमान!" आणि हा बाबा माझ्यासाठी शाल शोधायला लागला. डोकंच फिरलं माझं.

"शाल राहू दे भाऊ, माईक दे. माझी बहीण बोलणार आहे."

"मैडम, नाश्ता..."

"तू खा जा."

ताईनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "हमारे बच्चे कहाँ खेलेंगे, इतना बता दो, मैं बैठ जाती हूँ." बाहेर गेलेले लोक ताटल्या घेऊन परत दारात आले.

"विचार करेंगे," स्टेजवरचे एक साहेब म्हणाले.

"कब तक?" ताई उभीच. साहेबांनी मोबाईल कानाला लावला.

पोहे मीही खाल्ले. चांगले होते, जीरावन मसाला वरून मागून घ्या. पण घशाखाली राग उतरला नाही. एवढा मोठा हॉल बांधला लोकांसाठी, आणि लोकांना बोलायला जागा नाश्त्यानंतर!

घरी येऊन आठवडा झाला. काल ताईचा फोन. मैदानाचं काहीच नाही, पण पुढच्या सभेत तिचाच सत्कार ठेवलाय म्हणे.

"जाणार आहेस?" मी ओरडलेच.

"जाणार ना. नाश्ता आमच्या गल्लीनं करायला घेतलाय. डबे उत्तर मिळाल्यावरच उघडणार."